महाविद्यालयीन बास्केटबॉल : पंचांची निःपक्षता आणि निर्णयांचा दर्जा

देशात शारीरिक शिक्षणाचे पद्धतशीर प्रशिक्षण देणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांमध्ये लखनौच्या ख्रिश्चन शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचा समावेश होतो. मद्रास येथे १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचे महाविद्यालय सुरू केले. त्यानंतर १९३२ मध्ये लखनौची, तर १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवलीची संस्था स्थापन झाली. ज्या स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा जन्म झाला, तेथेच बक यांचे शिक्षण झाले होते. भारतात हा खेळ वायएमसीए आणि अशा संस्थांमधून बाहेर पडलेल्या शिक्षकांमार्फत महाविद्यालयांपर्यंत पोहोचला. शिकवणारा आणि सामन्यात शिट्टी वाजवणारा बहुधा एकच, ही परंपराही तेव्हापासूनचीच म्हणावी लागेल.

जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ मध्ये तयार केलेल्या मूळ तेरा नियमांत दोन पंचांची कामे वेगळी ठेवलेली होती. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवून फाऊलची नोंद करायची, दुसऱ्याने चेंडू, गोल आणि वेळ पाहायची. आज आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजेच फीबाच्या नियमांनुसार एक प्रमुख पंच आणि एक किंवा दोन सहपंच असतात. मैदानाबाहेरच्या मेजावर गुणलेखक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक सांभाळणारा अधिकारी बसतो. मैदानावरील पंचांचा दोन्हींपैकी कोणत्याही संघाशी कसल्याही प्रकारचा संबंध असू नये, असे नियमपुस्तकात स्पष्टपणे म्हटले आहे.

आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये नेमकी हीच अट पाळणे सर्वात अवघड ठरते. भारतीय विद्यापीठ संघाच्या या स्पर्धा आधी विभागीय आणि नंतर अखिल भारतीय पातळीवर होतात. स्पर्धेची व्यवस्था यजमान विद्यापीठाकडे असते. पंच बहुतेक वेळा त्याच परिसरातील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक किंवा माजी खेळाडू असतात. एखाद्याने कालपर्यंत ज्या मुलांना शिकवले, त्यांच्याच सामन्यात आज शिट्टी हाती घ्यावी, असा प्रसंग येऊ शकतो. अशा वेळी पंच प्रामाणिक असला, तरी पाहुण्या संघाच्या मनातील शंका दूर होत नाही.

या शंकेमागे केवळ भावना नसते. केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाच्या नियमांनुसार, आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेले खेळाडू गट 'क' मधील नोकऱ्यांच्या क्रीडा कोट्यासाठी पात्र ठरू शकतात. त्यातही पदक किंवा पहिल्या तीन क्रमांकांत स्थान मिळवणाऱ्यांना इतरांच्या आधी प्राधान्य मिळते. म्हणजेच तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातील अंतर हे काही मुला-मुलींसाठी नोकरीचे अंतर असते. लखनौमध्ये उत्तर रेल्वे आणि पूर्वोत्तर रेल्वे या दोन्हींची विभागीय कार्यालये आहेत, आणि खेळाडूंना नोकरी देणाऱ्या सरकारी संस्थांमध्ये रेल्वेचे स्थान मोठे आहे. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या सामन्यात अखेरच्या मिनिटाला एखाद्या खेळाडूवर पाचवा फाऊल दिला गेला, तर त्याला मैदान सोडावे लागते. त्या एका शिट्टीची किंमत प्रेक्षकांच्या सहसा लक्षात येत नाही.

पक्षपात नेहमी हेतुपुरस्सर असतो, असेही नाही. काइल अँडरसन आणि डेव्हिड पिअर्स यांनी अमेरिकेतील २००४-०५ च्या हंगामातील ३६५ महाविद्यालयीन सामन्यांचा अभ्यास करून २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या संघावर आतापर्यंत कमी फाऊल नोंदले गेले आहेत, त्याच्यावर पुढचा फाऊल दिला जाण्याची शक्यता अधिक असते, असे त्यांना आढळले. पाहुण्या संघाविरुद्धही पंचांचा कल दिसून आला. समतोल राखण्याची ही अजाणता चाललेली धडपड आक्रमक खेळणाऱ्या संघाच्या पथ्यावर पडते, हा त्यातील लक्षात घेण्याजोगा भाग आहे.

पंचांवर देखरेख करणारेही संशयाच्या पलीकडे नसतात. अमेरिकेतील पॅक-१२ या महाविद्यालयीन परिषदेच्या पंचांचे समन्वयक एड रश यांनी पंचांच्या बैठकीत, ॲरिझोना विद्यापीठाचे प्रशिक्षक शॉन मिलर यांना तांत्रिक फाऊल देणाऱ्याला पाच हजार डॉलर किंवा सहलीचे बक्षीस देऊ केल्याचे २०१३ मध्ये उघड झाले. तो विनोद होता, असे परिषदेने सांगितले. मात्र रश यांना एप्रिलमध्ये राजीनामा द्यावा लागला. त्याआधी मार्चमध्ये परिषदेच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मिलर यांना खरोखरच तांत्रिक फाऊल मिळाला होता, आणि ॲरिझोनाचा संघ ६६-६४ असा अवघ्या दोन गुणांनी हरला होता. विनोदाचा खुलासा कोणाला पटला नसेल, तर त्यात नवल नाही.

चुकीच्या निर्णयावर दाद मागण्याचा मार्ग अरुंद आहे. फीबाच्या नियमांनुसार गुणलेखनातील, वेळेतील किंवा शॉट क्लॉकच्या हाताळणीतील न सुधारलेली चूक, सामना रद्द करणे अथवा तहकूब करणे यांसारखे निर्णय, आणि खेळाडूंच्या पात्रतेचा भंग अशा मोजक्याच कारणांसाठी निषेध नोंदवता येतो. फाऊल होता की नव्हता, हा पंचाच्या निर्णयशक्तीचा प्रश्न मानला जातो. त्यावर निषेध चालत नाही. संघनायकाला सामना संपल्यापासून १५ मिनिटांच्या आत प्रमुख पंचाला कल्पना देऊन गुणपत्रकावर ठरलेल्या जागी सही करावी लागते, आणि कारणे एका तासात लेखी द्यावी लागतात. वयाच्या विशीत असलेल्या, हरल्याच्या धक्क्यातून न सावरलेल्या संघनायकाला ही मुदत माहीत असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

गुणपत्रकावरील सहीचे सर्वात गाजलेले उदाहरण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील आहे. अंतिम सामन्यातील शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवले गेले आणि सोव्हिएत संघाने अमेरिकेवर ५१-५० असा विजय मिळवला. फीबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी मैदानाजवळ येऊन हस्तक्षेप केला होता. ब्राझीलचे पंच रेनातो रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही करण्यास नकार दिला. अमेरिकेचा निषेध पाच सदस्यांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळला, आणि अमेरिकी खेळाडूंनी रौप्यपदके आजवर स्वीकारलेली नाहीत.

चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय प्रामुख्याने मोठ्या स्पर्धांपुरती मर्यादित असल्याने महाविद्यालयीन सामन्यांत भिस्त प्रशिक्षित पंचांवरच राहते. भारतात १९५० मध्ये स्थापन झालेल्या बास्केटबॉल महासंघामार्फत पंचांची परीक्षा घेतली जाते. महासंघाच्या नेतृत्वावरून २०१५ मध्ये दोन गट निर्माण झाले होते, फीबाने के. गोविंदराज यांच्या गटाला मान्यता दिल्यानंतर तो वाद मागे पडला. महाराष्ट्रातील स्नेहल बेंडके यांनी फीबाची मान्यता मिळवून भारतातील पहिल्या महिला आंतरराष्ट्रीय पंच होण्याचा मान मिळवला. २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांचे उद्घाटन २५ मे रोजी लखनौमध्ये झाले. त्यांत २०० हून अधिक विद्यापीठांनी भाग घेतला होता, आणि बास्केटबॉल हा त्यातील २१ खेळांपैकी एक होता.