महालक्ष्मीचे पुरण

पश्चिम महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्यांनाच नागपूर-विदर्भात महालक्ष्मी हे नाव आहे. भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि भोजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन असा हा तीन दिवसांचा कुलाचार. त्यांतील मधल्या दिवसाचे जेवण म्हणजे नागपूरकर घरांच्या वर्षातील सर्वांत मोठा स्वयंपाक होय. सोळा भाज्या, आंबील, कढी, वडे, पंचामृत असे पानभर पदार्थ असले तरी त्या पानाचा मान ठरतो तो पुरणपोळीवर, आणि पोळीचा मान ठरतो तिच्या पोटातील पुरणावर. पोळ्याला आणि होळीलाही विदर्भात पुरण होतेच. पण महालक्ष्मीच्या पुरणाची परीक्षा अधिक कठीण असते. त्या दिवशी माणसे अधिक असतात, जेवणे उशिरा होतात, आणि मुख्य म्हणजे नैवेद्य दाखविण्यापूर्वी स्वयंपाकातील कोणताही पदार्थ चाखता येत नाही.

ही शेवटची अट वरवर केवळ सोवळ्याची वाटते. परंतु तिच्यामुळेच पुरणाचे एक शास्त्र घराघरांत तयार झाले आहे. जिभेची मदत नसल्याने मोजमाप आधीच नेमके हवे, आणि पुढचा सारा निर्णय डोळा, नाक व हात यांनी करायचा. सासूकडून सुनेकडे जे दिले जाते ते पाककृतीपेक्षा या खुणांचेच ज्ञान असते. साखर किती, हे कोणीही सांगेल. पुरण झाले केव्हा म्हणावे, हे मात्र गंजाजवळ उभे राहिल्याशिवाय समजत नाही.

पुरण हा शब्द संस्कृतातील ‘पूरण’ म्हणजे भरणे यावरून आला. कणकेत गोड सारण भरून भाजण्याची रीत जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या 12व्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन असून त्यात अशा मांड्यांचाही उल्लेख येतो. पुढे प्रांतोप्रांती तिची रूपे निरनिराळी झाली. पुण्याकडील पोळी मोठी व पातळ, काही घरांत तेलावर लाटलेली. खानदेशातील मांडा हातावर वाढवून उपड्या खापरावर टाकलेला. नागपूरची पोळी यांच्या मानाने आकाराने आटोपशीर, परंतु जाड असते. तिच्यात कणीक केवळ आवरणापुरती आणि पुरण भरगच्च असते. वाटीत पातळ केलेले तूप घेऊन त्यात ती बुडवून खाण्याची येथील पद्धत पाहुण्यांना प्रथम धास्तीची वाटते, नंतर तेच दुसरी वाटी मागतात. गुळाऐवजी साखरेचे पुरण करण्याकडेही विदर्भातील पुष्कळ घरांचा कल आहे. काही ठिकाणी निम्मी साखर आणि निम्मा गूळ घेतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. 1 किलो हरभऱ्याच्या डाळीला 1 किलो साखर हे सरळ प्रमाण होय. गोड बेताचे आवडत असल्यास साखर पाऊण किलोपर्यंत कमी करता येते, त्याहून कमी केल्यास पुरणाला बांधणी येत नाही आणि ते लवकर आंबते. अर्धा चमचा हळद, दोन चमचे तूप किंवा तेल, दहा-बारा वेलदोड्यांची पूड आणि अर्धे जायफळ किसून, एवढेच बाकीचे साहित्य. एवढ्या पुरणात साधारण 40 ते 45 नागपुरी पोळ्या होतात. माणशी दोन पोळ्या धरून हिशेब करणारी गृहिणी सहसा चुकत नाही; मात्र आग्रहाची पंगत असेल तर तीन धराव्यात.

डाळ नवी व टपोरी घ्यावी. विदर्भात हरभरा हे रब्बीचे महत्त्वाचे पीक आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवा माल बाजारात येतो आणि महालक्ष्मीपर्यंत त्याची डाळ पाच-सहा महिन्यांची झालेली असते. वर्षाहून जुनी डाळ कितीही शिजविली तरी मध्ये कण राहतो. डाळ धुऊन तासभर भिजवावी, हळद व तूप घालून भरपूर पाण्यात शिजवावी. मीठ या टप्प्यावर घालू नये. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास डाळ अडून बसते, कारण त्यातील चुना डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य अधिक घट्ट करतो. अशा घरी त्या दिवसापुरते तरी नळाचे पाणी वापरणे श्रेयस्कर. चिमूटभर सोडा घालून डाळ लवकर मऊ होते हे खरे, परंतु चव बिघडते. कुकरमध्ये शिजवायची झाल्यास भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये. 1 किलो डाळीचे दोन घाणे करणे बरे.

डाळ शिजली की नाही, हे पाहण्याची खूण अशी : एक दाणा चिमटीत धरून दाबावा. त्याचे एकसारखे पीठ झाले पाहिजे, मध्ये टोचणारा कण लागता कामा नये. येथे घाई करणाऱ्याची चूक पुढे कधीच सुधारत नाही. साखर किंवा गूळ पडला की डाळीचे शिजणे जवळजवळ थांबते, कारण साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते. अर्धवट शिजलेल्या डाळीत साखर घालून तासभर ढवळले तरी कण तसाच राहतो आणि नेमका पोळी लाटताना आवरण फाडून बाहेर येतो.

शिजलेली डाळ गरम असतानाच चाळणीवर उपसून पंधरा-वीस मिनिटे निथळत ठेवावी. खाली उतरणारे पाणी म्हणजे कट. तो आमटीसाठी राखून ठेवावा. गोडा मसाला, चिंच आणि गूळ घातलेली कटाची आमटी ही तुपाळ पोळीला हवीच असते. डाळ जितकी कोरडी निथळेल तितका पुढचा शेगडीवरचा वेळ वाचतो.

निथळलेली डाळ जाड बुडाच्या गंजात घेऊन साखर मिसळावी आणि मध्यम आचेवर ठेवावी. पहिल्या पाच मिनिटांत डाळ एकदम सैल, जवळजवळ खिरीसारखी होते. नवखी व्यक्ती येथे घाबरते. प्रमाण चुकले असे समजून कोणी बेसन भाजून घालतात, तर कोणी रवा. तसे काहीही करण्याचे कारण नाही. साखर विरघळून तिचा पाक झालेला असतो, तो आटू द्यायचा असतो. 1 किलो डाळीला याकरिता सुमारे अर्धा तास लागतो आणि तो सारा वेळ ढवळावे लागते. बुडाला लागलेल्या पुरणाचा वास शेवटपर्यंत जात नाही. उडणारे थेंब फार भाजतात, म्हणून लांब दांड्याचे उलथणे, म्हणजे विदर्भातला सराटा, वापरावा. कडेने पुरण सुटू लागते, बुडबुड्यांचा आवाज जड होतो, आणि मधोमध उभा केलेला सराटा न कलंडता उभा राहतो. ही खूण दिसताच गंज खाली उतरवावा. थंड झाल्यावर पुरण आणखी घट्ट होते, हे लक्षात घेऊन सराटा उभा राहिल्यावर पुन्हा ‘थोडे अजून’ म्हणत आटवू नये. तसे केलेले पुरण दुसऱ्या दिवशी भुगा होते.

पुरण वाटावे ते गरम असतानाच. पूर्वी पाटा-वरवंट्यावर वाटीत, आता हाताने फिरवायचे पुरणयंत्र बहुतेक घरांत असते. थंड पुरण यंत्रातून जात नाही, हात मात्र दुखून येतात. मिक्सरचा उपयोग करणाऱ्यांनी तो अगदी थोडा वेळ फिरवावा. पात्यांनी डाळीच्या पेशी फुटून आतील पिष्ट मोकळे होते आणि पुरण चिकट बनते. यंत्रातून पडलेले पुरण शेवयांसारखे मोकळे पडले, तर त्याहून उत्तम लक्षण नाही. वेलदोडा-जायफळ याच वेळी घालावे, आधी घातल्यास आटवताना सुगंध उडून जातो.

कणकेबद्दल थोडक्यात. पीठ वस्त्रगाळ करून, चिमूटभर मीठ व तेल घालून नेहमीच्या पोळीपेक्षा बरेच सैल भिजवावे आणि दोन तास झाकून ठेवावे. तेवढ्यात गव्हातील चिवटपणा लवचिक होतो आणि कणीक ताणली तरी तुटत नाही. रव्याला व शेवयांना उत्तम असलेला बन्सी गहू येथे उपयोगाचा नाही, त्याची कणीक ताण धरत नाही. पोळी फुटण्याचे कारण बहुधा पुरण अधिक झाले हे नसते. कणीक आणि पुरण यांचा मऊपणा सारखा नसणे, हे असते. दोन्ही बोटांनी दाबून पाहावीत, सारखीच दबली पाहिजेत. मग कणकेच्या गोळीच्या दुप्पट पुरणही सुखाने आत मावते. तांदळाच्या पिठीवर, मधोमध भार न देता कडेकडेने लाटल्यास पुरण काठापर्यंत पोहोचते. काठ रिकामा राहिलेली पोळी पंगतीत लगेच ओळखू येते, आणि नागपूरच्या सुगरणी याबाबत फार दया दाखवीत नाहीत.

पुरण आदल्या रात्री करून ठेवावे काय, हा दरवर्षीचा प्रश्न. जेथे सोवळे कडक आहे तेथे तो उद्भवतच नाही. पहाटे चारला चूल पेटते. इतरांनी करून ठेवण्यास हरकत नाही, पण भाद्रपदातील नागपूरची दमट हवा विसरू नये. गरम पुरण खोल गंजात झाकून ठेवल्यास मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि सकाळी आंबूस वास येतो. न चाखण्याच्या दिवशी हा दोष नाकानेच ओळखावा लागतो. परातीत पसरून निववावे, मग झाकून शीतकपाटात ठेवावे. सकाळी घट्ट वाटल्यास दुधाचा हबका मारून हाताने मळावे. अलीकडे सणाच्या सुमारास बचत गट आणि मिठाईची दुकाने तयार पुरण विकतात. नोकरी करणाऱ्या घरांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. मात्र विकतचे पुरण पुष्कळदा अधिक गोड आणि अधिक आटवलेले असते. ते घेतल्यास कणीक थोडी घट्ट भिजवावी, म्हणजे दोहोंचा मेळ बसतो.

काही घरांत याच पुरणाचे छोटे दिवे वळून, त्यांत तुपाच्या वाती लावून महालक्ष्मींची आरती करतात. अशा घरी दिव्यांसाठी मूठभर पुरण आधी बाजूला काढावे आणि ते जरा घट्टच ठेवावे. सैल पुरणाचा दिवा तापल्यावर बसतो व तूप ताम्हणात सांडते. आरती झाल्यावर हे दिवे प्रसाद म्हणून वाटले जातात. त्या दिवशी घरातल्या पुरणाची पहिली चव बहुधा त्यांतूनच कळते.