कोकराने पिऊन टाकलेला महिना

व्यालेल्या जनावराचे दूध आधी चढते, काही आठवडे टिकते आणि मग आटत जाते, हे धार काढणाऱ्या कुणालाही शिकवावे लागत नाही. या चढउताराला गणिती सूत्रात बसवण्याचा उद्योग मात्र जेमतेम शंभर वर्षांचा. तो सुरू झाला गायीच्या गोठ्यात. मेंढी त्यात उशिरा शिरली, तीही गायीच्या मापाचे सूत्र अंगावर चढवून, आणि ते तिला नीट बसले असे अजूनही म्हणवत नाही.

सूत्राआधी नोंदवह्या आल्या. १८९५ मध्ये डेन्मार्कमधल्या वेयेन या गावी शेतकऱ्यांनी दूध मोजून ठेवणारी पहिली संघटना काढली. पुढच्या काही दशकांत युरोप-अमेरिकेत अशा नोंदींचे ढीग साचले आणि त्यांतून काहीतरी नियम निघावा असे लोकांना वाटू लागले. अमेरिकेच्या मिसुरी विद्यापीठातल्या सॅम्युएल ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ मध्ये उताराचा नियम मांडला : या महिन्याचे दूध हे गेल्या महिन्याच्या दुधाचा एक ठरावीक हिस्सा असते. रासायनिक अभिक्रिया जशी मंदावते तसेच दूधही ओसरते, ही त्यांची कल्पना. पण उतार म्हटला की त्याआधीचा चढ आलाच. म्हणून १९२४ मध्ये त्यांनी चढासाठी आणखी एक पद जोडले.

त्यानंतरचे मोठे नाव पी. डी. पी. वुड. ते ब्रिटनच्या दूध पणन मंडळात काम करत. १९६७ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यांचा अवघ्या दोन पानांचा लेख आला. त्यातल्या सूत्रात तीनच आकडे होते. ‘अ’ने दुधाची एकूण पातळी ठरायची, ‘ब’ने चढ, ‘क’ने उतार. ‘ब’ला ‘क’ने भागले की दूध कितव्या आठवड्यात शिगेला पोचते ते कळायचे. दोन्ही बाजूंचे लॉगॅरिदम घेतले की हे सूत्र सरळ रेषेइतके सोपे होते, म्हणजे साध्या गणनयंत्रावरही आकडे काढता येत. माझ्या मते वुडचे सूत्र जगभर पसरले ते अचूकपणापेक्षा या सोयीमुळेच. गाय, म्हैस, शेळी, जे दुभते जनावर सापडेल त्याला ते लावले गेले. मग मेंढी तरी कशी सुटावी?

मेंढीचे दूध जिथे खरोखर धंद्याचे आहे तिथली रीत वेगळी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या लाकोन मेंढ्यांचे दूध रोकफोर चीजला जाते. या चीजच्या नावाला १९२५ मध्येच कायद्याचे संरक्षण मिळाले. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या सार्दा मेंढ्यांच्या दुधाचे पेकोरीनो होते. दोन्हीकडे पहिला साधारण महिनाभर कोकरू आईला लुचते, मग ते तोडतात आणि नंतर धारा सुरू होतात. मेंढीचे दूध शिगेला पोचते ते तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास. म्हणजे भांडे कासेखाली जाईपर्यंत शिखर बहुधा येऊन गेलेले असते किंवा जाण्याच्या बेतात असते. अशा नोंदींना वुडचे सूत्र लावले की अनेक मेंढ्यांचा ‘ब’ शून्याखाली जातो. त्याचा सरळ अर्थ असा, की या मेंढीचे दूध व्यायल्या दिवसापासून घटतच होते. तसे खरेच झाले असेल असे नाही. चढ कोकराच्या पोटात गेला, एवढेच.

कोकरू किती पिते हे मोजायचे प्रयत्न झाले. लुचण्याआधी आणि नंतर कोकराचे वजन करायचे, ही एक रीत. ऑस्ट्रेलियात मॅकान्स यांनी १९५९ मध्ये मेरिनो मेंढ्यांवर दुसरी रीत वापरली : दूध उतरवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक टोचून कास रिकामी करायची, कोकरू काही तास दूर ठेवायचे आणि पुन्हा टोचून त्या काळात साठलेले दूध मोजायचे. संशोधनाला हे ठीक आहे, पण हजारो मेंढ्यांच्या नोंदणीत कोण करणार? तिथे तर महिन्यातून एकदा, तीही अनेकदा दिवसातली एकच धार मोजतात.

सार्डिनियात आणखी एक पेच होता. तिथल्या बऱ्याच मेंढ्या हिवाळ्याच्या तोंडावर वितात. थंडीत चारा तुटपुंजा असतो, वसंतात रान हिरवे होते आणि ओसरू लागलेले दूध पुन्हा चढते. आता हा दुसरा उंचवटा वेताचा म्हणायचा की गवताचा? सासारी विद्यापीठाच्या काप्पियो-बोर्लिनो, पुलीना आणि रोस्सी यांनी १९९५ मध्ये सार्दा मेंढीसाठी वुडचे सूत्रच दुरुस्त केले. सुरुवातीचा झपाट्याचा चढ जुन्या सूत्रात दबून जात होता, तो त्यांनी घातांकातच बदल करून पकडला; वसंताचा पेच मात्र तसाच राहिला.

२००० मध्ये पोलॉट आणि गूटवाइन यांनी वेताच्या पहिल्या दिवसापासूनच्या संपूर्ण वक्राचा प्रश्न हाती घेतला आणि वेगवेगळी सूत्रे शेजारी ठेवून तपासली. पोलॉट यांची स्वतःची मांडणी कासेतल्या पेशींवर उभी होती : दूध तयार करणाऱ्या पेशी वाढतात तसे दूध चढते, त्या मरू लागल्या की आटते. मला ही वाट अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिच्यातल्या आकड्यांना शरीरात काही अर्थ असतो. अडचण अशी, की महिन्याला एक नोंद एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर तिच्यातले सगळे आकडे काढता येत नाहीत.

पैदाशीसाठी मेंढ्या निवडणाऱ्यांनी दरम्यान निराळाच मार्ग धरला होता. १९९०च्या दशकात गायींच्या मोजमापात ‘मोजणीच्या दिवसाची’ प्रतिमाने आली आणि पुढे ती मेंढ्यांकडेही आली. एकाच दिवशी एकाच कळपात धार काढलेल्या सगळ्या मेंढ्यांवर त्या दिवसाचे गवत आणि हवामान सारखेच लागू असते. तेवढा भाग वजा केला की उरते ते मेंढीचे स्वतःचे. सार्डिनियातला वसंताचा पेच यात बराचसा सुटतो. आकाराची सक्तीही सुटते, कारण या प्रतिमानांत प्रत्येक मेंढीच्या वक्राला लझांद्र बहुपदी या लवचीक सूत्रांनी हवे तसे वळू दिले जाते. पण या बहुपदी मधल्या पट्ट्यात शहाण्यासारख्या वागतात आणि टोकांना, जिथे नोंदी विरळ असतात तिथे, भलतीकडे उसळतात. मेंढीच्या वेतात ते एक टोक म्हणजे नेमका कोकराचा महिना.