मॉन्ट्रियल, ९ नोव्हेंबर १९९७: घंटा वाजेपर्यंत

वर्षभर आधी

ऑक्टोबर १९९६ मध्ये कुस्तीगीर ब्रेट हार्टने डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीशी २० वर्षांचा करार केला. वर्ष सरता सरता मालक व्हिन्स मॅकमॅहनने हात वर केले: एवढे पैसे परवडत नाहीत, प्रतिस्पर्धी कंपनी डब्ल्यूसीडब्ल्यूशी बोलून घे. ब्रेट बोलला आणि त्याचं जाणं ठरलं. पण विजेतेपदाचा पट्टा अजून त्याच्याच कमरेला होता. शिवाय शेवटच्या ३० दिवसांत स्वतःच्या कथानकात त्याचा शब्द चालेल, असं कलम करारात होतं.

ब्रेट पट्टा घेऊनच जाईल, ही मॅकमॅहनची भीती खोटी नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये त्याच्या कंपनीतून गेलेल्या मडूसा या महिला कुस्तीगिराने महिला विजेतेपदाचा पट्टा डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट प्रक्षेपणात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता.

आदली रात्र, शनिवार

ब्रेटने मॉन्ट्रियलच्या लढतीत कुस्तीगीर शॉन मायकेल्सकडून हरावं, असा मॅकमॅहनचा आग्रह. ब्रेटचा नकार. हा नुसता अहंकार होता, असं मला वाटत नाही. ब्रेट म्हणजे कॅनडाचा मानबिंदू, ही गोष्ट कंपनीनेच त्या वर्षभर रंगवली होती. अमेरिकेत खलनायक, सीमेपलीकडे नायक. अशा माणसाला त्याच्याच देशात, त्याच्याशी उघड वैर धरणाऱ्या मायकेल्सपुढे लोळवायचं, तर त्या गोष्टीला पुढे काहीतरी हवं. पुढे काहीच नव्हतं, नायक कंपनी सोडून चालला होता.

मॅकमॅहन, मायकेल्स आणि विश्वासातली दोन-चार माणसं यांच्यात दुसराच शेवट ठरला. ब्रेटला तो सांगायचा नव्हता.

रविवार, दुपार

मोल्सन सेंटरच्या ड्रेसिंग रूममध्ये ब्रेट आणि मॅकमॅहन भेटले. पॉल जे यांच्या माहितीपटासाठी ब्रेटच्या अंगावर माइक होता. बोलणं झालं ते असं: दोन्ही बाजूंचे साथीदार रिंगमध्ये घुसतील, गोंधळ माजेल, लढत निकालाविना संपेल. पट्टा ब्रेट नंतर सन्मानाने सोडेल. मॅकमॅहनने होकार दिला.

लढतीची आखणी करताना कंपनीच्या पॅट पॅटरसनने एक प्रसंग सुचवला. मायकेल्स ब्रेटला ब्रेटच्याच ‘शार्पशूटर’ या पकडीत धरेल आणि ब्रेट ती पकड उलटवेल. आपल्याला कटाची कल्पना नव्हती, असं पॅटरसन पुढे सांगत राहिला.

संध्याकाळ

सहकारी व्हेडरने ब्रेटला सावध केलं होतं: उताणा पडून राहू नकोस, पकडीत सापडू नकोस. ब्रेटची भिस्त पंच अर्ल हेबनरवर होती. दगा करणार नाही, अशी हेबनरने मुलांची शपथ घेतली होती. लढतीच्या तोंडावर त्यालाही हुकूम मिळाला.

रात्र, शेवटची लढत

मायकेल्सने कॅनडाच्या झेंड्याची विटंबना केली, सभागृह खवळलं. एवढं कथानकातलंच होतं. मॅकमॅहन मात्र रिंगच्या कडेला येऊन उभा राहिला.

शार्पशूटर ही एकट्याने घालायची पकड नाही. खाली पडलेल्याचे पाय एकमेकांत गुंतवायचे, मग त्याला पालथा करून कंबर मागे वाकवायची. खालचा माणूस पाय देतो, म्हणूनच ती बसते. या धंद्यात निकाल ठरलेला असतो, पण आपटणारी पाठ आणि वाकणारी मान खरी असते. ती समोरच्याच्या हवाली करायची, ते केवळ दिलेल्या शब्दावर.

बाराव्या मिनिटाच्या सुमारास

पंच कोलमडला, ठरल्याप्रमाणे. मायकेल्सने पाय धरले. ब्रेटने ते गुंतवू दिले.

हेबनर ठरल्यापेक्षा लवकर उठला. ब्रेट पकड उलटवायच्या बेतात होता. त्याने हार मानली नव्हती, हात आपटला नव्हता. हेबनरने घंटेकडे इशारा केला. मॅकमॅहन घंटा वाजवणाऱ्यावर ओरडला: वाजव!

घंटा वाजली आणि हेबनर रिंगमधून पळत सुटला.

ब्रेट मॅकमॅहनच्या तोंडावर थुंकला. कडेचे टीव्ही मॉनिटर त्याने उचलून आपटले आणि हवेत बोटाने अक्षरं काढली: डब्ल्यूसीडब्ल्यू. आत ड्रेसिंग रूममध्ये त्याने मॅकमॅहनला ठोसा मारला. तो खरा होता.

नंतर

ओटावाला दुसऱ्या दिवशीच्या ‘रॉ’ या कंपनीच्या टीव्ही कार्यक्रमाला कुस्तीगीर मिक फोली निषेध म्हणून गेला नाही. आठवड्याभरात मॅकमॅहनने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की ब्रेटला ब्रेटनेच बुडवलं. लोकांचा संताप एवढा खरा होता, की त्यातून कंपनीला ‘मिस्टर मॅकमॅहन’ हा सर्वांत मोठा खलनायक मिळाला. या धक्क्याला पुष्कळ जण आजही कथाकौशल्य म्हणतात. मला ते मान्य नाही. प्रेक्षकाला चकवणं हे गोष्ट सांगणाऱ्याचं कामच आहे. इथे चकवलं ते स्वतःची पाठ आणि पाय विश्वासाने सोपवणाऱ्या साथीदाराला.

तोच धक्का साथीदाराला न फसवताही देता येत होता. नोव्हेंबर १९९८ च्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’ या कंपनीच्या कार्यक्रमात रॉक या कुस्तीगिराने मॅनकाइंडला शार्पशूटरमध्ये अडकवलं, मॅनकाइंडने हार मानली नाही, मॅकमॅहनने घंटा वाजवायला लावली. प्रेक्षक पुन्हा चिडले. मॅनकाइंड होता मिक फोली, आणि शेवट त्याला आधीपासून माहीत होता.