डोंगर खाणीचा, बर्फ यंत्राचा

 

फेब्रुवारी आला की आपल्या लिम्बुर्खमध्ये दोन गोष्टींची गडबड सुरू होते. एक कार्निव्हल आणि दुसरी ‘विंटरस्पोर्ट’. मुलांच्या वर्गातली निम्मी पोरं आईवडिलांबरोबर ऑस्ट्रियाला निघतात. गाडीच्या टपावर लांबट पेटी, पेटीत स्की. आमची लेक गेल्या वर्षी खिडकीतून शेजाऱ्यांची गाडी भरताना बघत होती. म्हणाली, “बाबा, स्की आपली नसते ना?”

मी पटकन म्हणालो, “नाही गं, आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?” पण ते ‘आपली नसते’ मनात राहिलं. म्हणून मी स्कीचा इतिहास वाचायला घेतला. त्यात जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्द. जुन्या नॉर्स भाषेत लाकडाच्या चिरलेल्या फळीला जे म्हणत, त्यावरून ‘स्की’ आला. गंमत म्हणजे नॉर्वेत आजही त्याचा उच्चार ‘शी’ असा करतात. घरी मुलांना हे सांगून बघा, पाच मिनिटं हसणं थांबणार नाही.

तर मुळात ही एक फळी. स्वीडनमध्ये काल्वट्रेस्क नावाच्या ठिकाणी 1924 साली दलदलीतून एक जुनी स्की निघाली. ती सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहे. तिच्यासोबत एक काठी होती आणि काठीचं एक टोक फावड्यासारखं होतं. म्हणजे चालायला आधार आणि बर्फ उपसायला अवजार, दोन्ही एकातच. खेळणाऱ्या माणसाला फावडं कशाला लागेल? ही कामकरी माणसाची वस्तू होती. शिकारीमागे जायचं, सरपण आणायचं, पलीकडच्या वस्तीवर पोचायचं. आपल्या कोकणात पावसात शेतकऱ्याच्या डोक्यावर इरलं, तशी तिकडे बर्फात पायाखाली फळी. चढावर पाय मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला जनावराचं केसाळ कातडंही लावत.

नॉर्वेच्या जुन्या इतिहासकथांत 1206 सालची एक हकिगत आहे. राजघराण्यातलं जेमतेम दीड-दोन वर्षांचं पोर, होकोन त्याचं नाव. शत्रूपासून वाचवण्यासाठी दोन योद्ध्यांनी त्याला कडेवर घेतलं आणि हिमवादळात डोंगर ओलांडून सुखरूप नेलं. पुढे तो राजा झाला. त्या आठवणीसाठी 1932 पासून तिथे मोठी स्की शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धक पाठीवर साडेतीन किलोचं ओझं घेऊन धावतो. ते ओझं म्हणजे ते मूल. मला वाचताना आपली हिरकणी आठवली. जीव पणाला लावायचा तो लेकरासाठी, मग समोर कडा असो नाहीतर बर्फ.

मग याचा खेळ कधी झाला? इथे एका गरीब माणसाचं नाव येतं, सोंद्रे नॉरहाइम. जन्म 1825, गाव मॉर्गेदाल, नॉर्वेचा टेलेमार्क भाग. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाचं घर. तोवर स्की फक्त बोटांपाशी बांधलेली असे, त्यामुळे वळताना किंवा उडी मारताना पाय निसटायचा. यानं लवचिक फांद्या पिळून टाचेमागूनही बांधणी केली. पाय फळीशी पक्का झाला आणि माणूस उतारावर हवं तिथे वळू लागला. 1868 साली, वयाच्या बेचाळिशीत, तो राजधानीतल्या स्पर्धेत उतरला आणि शहरी लोक बघतच राहिले. ‘स्लॅलम’ हा शब्दही त्याच भागातल्या बोलीतला. उतारावरची वाट, एवढाच त्याचा अर्थ.

मंडळी, पुढची गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. 1884 मध्ये नॉरहाइम बायकामुलांसह अमेरिकेला गेला. पोटासाठीच. स्थिरावला नॉर्थ डकोटात, जिथे नजर जाईल तिथवर सपाट माळ. म्हणतात की तिथेही त्याच्या दाराशी स्कीची जोडी उभी असायची. 1897 मध्ये तो तिथेच वारला. पुढे 1952 च्या ऑस्लो ऑलिंपिकची ज्योत त्याच्या मॉर्गेदालच्या जुन्या घरातल्या चुलीवर पेटवली गेली. घर सोडून गेलेल्या माणसाच्या चुलीला असा मान मिळाला!

आल्प्समध्ये स्की पसरली ती नंतर. 1888 मध्ये फ्रिट्यॉफ नान्सेन पाच सोबत्यांसह स्कीवरून ग्रीनलंडच्या बर्फाळ पठाराच्या आरपार गेला. त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आलं आणि मध्य युरोपातल्या तरुणांना वेड लागलं. ऑस्ट्रियात माथियास झ्डार्स्कीनं तीव्र उतारासाठी नवं तंत्र बसवलं आणि 1896 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. 1934 च्या नाताळात दावोसला माणसांना दोरानं वर ओढणारी लिफ्ट सुरू झाली. चढायचे कष्ट संपले, उरलं ते फक्त घसरणं. तेव्हापासून स्की सुट्टीची आणि पैशाची गोष्ट झाली.

आणि भारत? 1927 मध्ये काश्मीरच्या गुलमर्गला इंग्रजांनी स्की क्लब काढला. त्या काळी तो साहेबांचा खेळ होता. पण 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू त्याच परिसरातला होता, आरिफ खान. वडिलांचं गुलमर्गला स्कीचं दुकान. तेव्हा ‘आपल्याकडे बर्फ कुठे’ हे माझं उत्तर तसं चुकलंच होतं. कळसूबाईवर बर्फ पडत नाही, एवढंच काय ते खरं.

आता आपल्या अंगणात येऊ. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीचं सर्वांत उंच ठिकाण आपल्याजवळच्या फाल्सला, अवघं 322 मीटर. कळसूबाई 1646. तरीही हेर्लेनच्या पलीकडे लांडग्राफला बारा महिने स्की करता येते. 2001 पासून तिथे छताखाली यंत्रानं बर्फ पाडतात. सर्वांत लांब उतार 520 मीटरचा आहे आणि युरोप चषकाच्या शर्यतीही तिथे झाल्या आहेत.

पण तो उतार ज्या टेकडीवर आहे, ती टेकडी निसर्गानं केलेली नाही. तिचं नाव विल्हेल्मिनाबर्ख. शेजारी विल्हेल्मिना ही सरकारी कोळसा खाण होती. 1906 ते 1969 जमिनीखालून कोळशाबरोबर जो निरुपयोगी दगड निघाला, त्याचा हा ढीग. तो उपसणाऱ्यांत लिम्बुर्खचे लोक होते, तसे पोलंड, स्लोव्हेनिया, इटलीहून आलेलेही होते. एकमेकांना ते ‘कूम्पेल’ म्हणत, म्हणजे सोबती. 17 डिसेंबर 1965 ला मंत्री योप देन आउल यांनी हेर्लेनच्या नाट्यगृहात खाणी बंद होणार असं जाहीर केलं. 1974 च्या अखेरीस शेवटची खाण मिटली. हजारो घरांची चूल अडचणीत आली, आणि छातीत धूळ घेऊन म्हातारी झालेली माणसं मागे राहिली.

हे वाचलं आणि मी थांबलो. माझे आजोबा लोअर परळला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. आज फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे आणि जुनी चिमणी तेवढी उभी आहे. आजोबा एकदाच तिथे आले होते. चिमणीकडे बघून म्हणाले, “हिचा धूर दिसला की आई भाकरी टाकायला घ्यायची.” बाकी काही बोलले नाहीत.

गेल्या महिन्यात लेकीला लांडग्राफला घेऊन गेलो. आधी टेकडीच्या 508 पायऱ्या चढायला लावल्या. कुरकुरली, पण चढली. वर उभं राहून तिला सांगितलं, की बाळा, हा डोंगर माणसांनी पाठीवर आणलाय. तुझ्या पणजोबांसारख्या माणसांनी. मग खाली जाऊन तिनं भाड्याच्या स्की घातल्या. सात वेळा पडली. आठव्यांदा खालपर्यंत आली आणि ओरडली, “बाबा, शी जमली!”

तेव्हा मंडळी, स्की कुणाची, असं मुलांनी विचारलं तर सांगा, आधी ती बर्फात पोट भरणाऱ्यांची होती. आणि लांडग्राफला गेलात तर लिफ्टच्या रांगेत उभं राहण्याआधी त्या पायऱ्या एकदा मुलांबरोबर जरूर चढा.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर जपून चाला, बाहेर निसरडं आहे. नमस्कार!