खेळाडू आणि विद्यापीठाचे द्वार

मैदान गाजविणारा विद्यार्थी नामांकित विद्यापीठाच्या दारातून रिकाम्या हाताने परततो, तेव्हा लोक हळहळतात. त्याच्या पदकांची किंमत झाली नाही, असेही म्हणतात. वस्तुतः अशा नकारात खेळाचा अवमान क्वचितच असतो. संस्थेने आपले माप कोणते ठरविले, हा खरा प्रश्न असतो.

सेसिल ऱ्होड्स १९०२ साली वारला. ऑक्सफर्डमधील शिष्यवृत्तीसाठी निव्वळ ग्रंथकीटक नकोत, मैदानी खेळांतही यश हवे, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. परंतु त्याच्या कसोट्यांत पहिले स्थान विद्येलाच होते.

अमेरिकेतील हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ विद्यापीठांनी १९५४ च्या कराराने खेळासाठी शिष्यवृत्ती न देण्याचे ठरविले. तेथे प्रशिक्षक आपल्या पसंतीची नावे सुचवितो. परंतु अशा जागा मोजक्या असतात आणि अखेरचा निर्णय प्रवेश समितीचा असतो. संघाला वल्हविणारा हवा असेल, तर उत्तम धावपटूही मागे राहतो. अभ्यास कमी पडला, तर शिफारसही तोकडी पडते.

आपल्याकडे याची दुसरी बाजू कोल्हापुरात दिसली. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. पुढे हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता, तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेल्या खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ साली खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

हा त्याग थोर खरा; पण प्रत्येक खेळाडूला खर्डेकर भेटतील कसे? एकाच्या औदार्यावर विसंबण्यापेक्षा नियम असणे बरे. आय.आय.टी.मध्ये पदवीचा प्रवेश दीर्घकाळ परीक्षेतील क्रमांकावरच मिळे. तेथे राष्ट्रीय विजेत्याचे पदकही मोजले जात नसे. मद्रासच्या आय.आय.टी.ने २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या. त्यांतील एक मुलींसाठी. मात्र उमेदवाराने प्रवेशपरीक्षेच्या गुणवत्ता यादीत यावेच लागते, आणि मागील चार वर्षांत राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळविलेले असावे लागते. म्हणजे द्वार उघडले, पण उंबरठा तोच राहिला.

आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या गावांतून कबड्डी वा धावण्यात पुढे येणाऱ्या मुलामुलींना ही गोष्ट वेळीच सांगितली पाहिजे. कोणत्या संस्थेत खेळाडूंसाठी जागा आहेत, कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते, किमान गुण किती लागतात, याची चौकशी दहावीनंतर लगेच व्हावी. सरावासाठी पुस्तक मिटून ठेवण्याचा सल्ला कोणी देऊ नये. नकार आलाच, तर तो त्या संस्थेच्या मापाचा समजावा. मुलाच्या योग्यतेचा निवाडा समजू नये.