नाशिकचा मुडदूस आणि आमच्याकडचं पाकीट

पोस्ट जरा लांब आहे. घरात वयात आलेली मुलगी असेल तर वाचाच.

डिंभ्याच्या वरच्या गावांत ऊन कमी पडतं असं कुणी म्हणणार नाही. बायका भाताच्या खाचरात, हिरड्याच्या झाडाखाली, दिवसभर बाहेर. पण त्यांच्याच मुली शिकायला घोडेगाव-मंचरला आल्या की दिवस वर्गात, संध्याकाळ खोलीत. पाळी चुकते, सोनोग्राफीत पीसीओएस निघतं आणि हातात व्हिटॅमिन डीचं 60,000 युनिटचं पाकीट येतं. मी बातम्यांसाठी फिरते, त्यामुळे अशा मुली भेटत राहतात. मनाचं काही विचारलं का, म्हटलं की त्या गप्प होतात.

ऊन आणि बाई हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. 1922 साली हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिक जिल्ह्यातल्या मुडदुसावर निबंध छापला. गोषा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांत बायका-मुलांची हाडं मऊ पडत होती. उन्हात राबणाऱ्या गरिबांत, ज्यांचं जेवण कितीतरी हलकं, तिथे हा आजार नव्हता. म्हणजे प्रश्न ताटाचा नव्हता, उंबऱ्याचा होता! त्याच वर्षी अमेरिकेत मॅककॉलमने कॉड माशाच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा असल्याचं दाखवलं. त्यालाच पुढे ‘डी’ म्हणू लागले.

पीसीओएसची गोष्ट वेगळ्या वाटेने आली. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात बायकांची नोंद केली: पाळी नाही, अंगावर केस, अंडाशय मोठे. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या 2014 च्या अभ्यासात तरुण मुलींमध्ये हे प्रमाण 22.5 टक्के निघालं. कडक निकष लावल्यावर 10.7. म्हणजे कमीत कमी दहात एक.

आता मूड. या बायकांमध्ये उदासी आणि चिंता जास्त आढळते, यावर डॉक्टरांचं एकमत आहे. चेहऱ्यावरचे केस, वाढतं वजन, वर ‘लग्न झालं की होईल नीट’ हे ऐकायचं. व्हिटॅमिन डी कमी असणंही यांच्यात सर्रास दिसतं. इराणमधल्या छोट्या चाचण्यांत डी आणि प्रोबायोटिक एकत्र दिल्यावर मन थोडं हलकं झालं. पण त्यातलं श्रेय कुणाचं? अमेरिकेत 18,000 हून जास्त प्रौढांना पाच वर्षं डी किंवा नुसती गोळी देऊन पाहिलं, त्याचा निकाल 2020 ला आला. उदासी टळण्यात फरक नाही. ते सगळे पन्नाशीच्या पुढचे होते, पीसीओएसच्या मुली नव्हेत, हेही खरं. डी कमी असेल तर पाकीट घ्यावं, हाडांसाठी तरी नक्कीच. आठवड्याचं पाकीट मात्र रोज घेऊ नये, डी अंगात साठतं.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पीसीओएस असलेल्या प्रत्येक बाईला उदासी आणि चिंतेबद्दल विचारावं. आमच्याकडे सोनोग्राफी होते, पाकीट मिळतं. हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला, असं सांगणारी मुलगी मला अजून भेटायची आहे.