मीरा : एका हलक्या मोटारीची कहाणी

पुण्याहून सोलापूर-हैदराबादमार्गे विजयवाड्याकडे जाणारा हमरस्ता दिलसुखनगरच्या बाजारपेठेवरून जातो. तेथील दाटीतून वाट काढणारी छोटी मोटार आज कोणाच्या नजरेतही भरत नाही. परंतु असे सुटसुटीत वाहन देशी बुद्धीने घडविण्याचा ध्यास महाराष्ट्रात इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी फार पूर्वीच घेतला होता. शालेय शिक्षण जेमतेम सातवीपर्यंतचे. तरी १९४९ साली त्यांची दोन आसनांची पहिली गाडी तयार झाली!

‘मीरा’ नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीस पुढे पोलादी पाट्यांऐवजी रबराचा आधार मिळाला. सुटे भाग घटले, वजनही घटले. चाकाशी जखडलेला भार जितका कमी, तितके चाक खाचखळग्यांतूनही रस्ता धरून राहते. इंग्लंडमधील १९५९ च्या ‘मिनी’लाही इसिगोनिस यांनी रबरच योजिले होते.

तथापि केवळ वजन उतरविले म्हणजे तोल साधला, असे नव्हे. मीरेचे इंजिन पाठीमागे होते. अशा रचनेत पुढील चाकांवरचा भार कमी होऊन हातातील चक्र सहज फिरते. पण वेगात वळताना मागचा भार गाडीला बाहेर ओढू पाहतो. मुळात इंजिनच लहान असले, तर ही ओढ बरीचशी आटोक्यात राहते.

१९७५ पर्यंत कुलकर्णी नवनवे नमुने सिद्ध करीत राहिले. किंमत अवघी १२,००० रुपये योजिली होती. उत्पादन मात्र कधीच सुरू झाले नाही. हलकी, स्वस्त मोटार सामान्यांच्या दारी आली ती डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० च्या रूपाने. इंजिन पुढे आणि आराखडा जपानचा.